तूर चालती, डाळ चालत न्हाई

बायांनो, मी रातभर झोपले न्हाई. दारावर दगड पडायलते अन् मी लेकरू छातीशी धरून बसलते.

गुन्हा एवढाच, औंदा शेणखतावरली घरची तूर आख्खी विकली न्हाई. पाणी लावून, वाळवून, जात्यावर भरडून डाळ केली. डाळीला भाव जास्त येतो.

काल बाजारात दुकानवाली म्हणली, "तुज्या पाण्याची डाळ कोन खाईल? तूर आण, घेते."

म्हणलं, "आमचं शेणखत चालतंय, घाम चालतोय, अन् पाण्यानंच बाटता व्हय?"

तिचा पोरगा म्हणला, "आदी नामांतर, आता डाळ. रातीला बघतो."

बघितलं. अंधारात, तोंड बांधून. लय शूर.

मालक ऊसतोडीला गेलेत. गिरणीवर हा कागद जो वाचंल त्यानं जिंतूरला गेल्यावर तिथून माझ्या भावाला फोन लावा, नंबर मागं लिवलाय. म्हणावं, गाडी घेऊन ये. जातंबी न्यायचंय.