फ्लाइट मोडवर धुळ्याला

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. तेव्हा मोबाईलची बॅटरी कशी वाचवायची, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायकाच्या जागेसाठी मुलाखत होती. विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती. जळगाव ते धुळे, ती तीनदा ऐकायची असं ठरलेलं. पण जळगावात मेहरूणला मी राहते त्या खोलीवर पहाटेच लाइट गेली, आणि एसटीत बसले तेव्हा बॅटरी सोळा टक्के.

स्क्रीनचा उजेड पार कमी केला, वायरचा हेडफोन लावला आणि फ्लाइट मोड टाकला. विमान आमच्यात कोणी जवळून पाहिलेलं नाही, पण विमानाचं बटण मला बरोबर ठाऊक. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत उत्तरं घोळवत राहिले.

एक विसरले. मी प्रवासाला निघाले की आबा, म्हणजे माझे वडील, गावाहून फोन करतात. पाळधीला एक, एरंडोलला एक, पारोळ्याला एक. गाडी कुठे पोचली हे कंडक्टरनंतर त्यांनाच माहीत असतं.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली आणि दारातून ओळखीचा अहिराणी आवाज आला.

"आमनी पोर शे का गाडीमा? चष्मावाली. बी.ए. शिकेल शे."

पारोळ्यात राहणारे माझे मामा. अख्खी गाडी चष्मावाली शोधायला लागली. मी हात वर केला.

"तुना फोन बंद का शे?" मामा शेजारी बसले. "तुना बाप तिकडे येडा व्हई गया."

"बॅटरी वाचवतेय, मामा."

"कोणासाठे?"

हे उत्तर रेकॉर्ड केलेलं नव्हतं. मामांनी आपल्या फोनवरून आबांना "सापडनी" एवढंच कळवलं. तिकडून हुकूम आला, पोरीला एकटी सोडू नको. मामांनी धुळ्याचं तिकीट काढलं आणि हेडफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं. माझा आवाज सांगत होता, मला वाचनसंस्कृतीची सेवा करायची आहे.

"हाई खोटं शे," मामा म्हणाले. "तुले पगार पाहिजे."

मुलाखतीत नेमकं तेच विचारलं, ही नोकरी का हवी? सेवेचं वाक्य तोंडाशी आलं, पण कानात मामा बसलेले. मी म्हणाले, "पगार हवाय, सर. आणि पुस्तकं मी नीट सांभाळते." समोरचे तिघं हसले. सोमवारपासून या म्हणाले.

बाहेर येऊन फ्लाइट मोड काढला. बॅटरी चार टक्के उरली होती. लगेच आबांचा फोन. त्यांनी आधी पाळधीपासूनचा सगळा राग काढला, मग आईने जेवलीस का विचारलं, मग काकूनेही तेच. "अगं काकू, मला नोकरी" म्हणेपर्यंत स्क्रीन काळी.

गेटपाशी मामा उभे होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"घे. तुना बाप म्हणस, पोरना फोन परत बंद शे."