चौदा नंबरच्या गॅरेजविरुद्ध माझी तक्रार

सातवी पोळी पोळपाटावर होती. माझा हात थांबला आणि गाणं थांबलं नाही. सगळं भांडण तिथून सुरू झालं.

अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या घरी संध्याकाळी मी पोळ्या लाटते आणि माझी नात ओट्यापलीकडच्या उंच स्टुलावर बसून अभ्यास करते, म्हणजे फोन बघते. त्या दिवशी तिनं स्पीकरवर तिच्या लाडक्या ऑस्ट्रेलियन बँडचा पहिला अल्बम लावला होता. त्यातलं तिसरं गाणं मला पाठ आहे. शब्द नव्हेत, ठेका. मध्ये एका जागी नुसती गिटार उरते आणि ड्रम क्षणभर गप्प बसतो. दाराशी आलेल्या बाईनं बेल दाबण्याआधी पदर नीट करावा, तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू. त्या जागी माझं लाटणं आपोआप थांबतं. त्या दिवशीही थांबलं, पण ड्रम आपला बडवतच राहिला.

"हे कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"बँड वाजवतोय, आजी."

"ही ती नाही. ती इथं थांबते. हा गाढव थांबला नाही."

नातीनं फोनमधून डोकं वर काढलं, म्हणजे मी काहीतरी मोठंच बोलले असणार. "ओ, ही न्यू एडिशन आहे. त्यांनी फर्स्ट अल्बम रीरेकॉर्ड केलाय. जुना काढून टाकला. साउंड किती क्लीन आहे बघ ना."

"क्लीन? माझी फरशी क्लीन आहे. तिच्यावर कुणी नाचत नाही."

मग तिनं मला गायकाची मुलाखत वाचून दाखवली. लांब केसांचा तो मुलगा, आता चाळिशीला टेकलेला, म्हणत होता की पहिल्या अल्बमचे ड्रम कच्चे होते, तेव्हा एक मैत्रीण अधूनमधून येऊन वाजवायची, ठेके तसे त्याच्याच डोक्यात होते.

अधूनमधून! पोळी तव्यावर करपली. मी गॅस बंद केला आणि मराठीत जे काही बोलले त्यातलं निम्मं नातीला कळलं नाही. कळलं नाही तेच बरं झालं. मला पक्की खात्री आहे म्हणून सांगते, ती ड्रमवाली अधूनमधून येत नव्हती. रोज, शनिवार-रविवार सोडून, चार वाजून दहा मिनिटांनी बसायची. मला कसं माहीत? कारण मी ते लिहून ठेवलंय. मी तिची तक्रार केली होती.

आता हे सांगायला हवं.

नात आठ महिन्यांची असताना मी मुलाकडे मेलबर्नला गेले होते. सून कामावर रुजू झालेली, बाळाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून मी सरकारी नोकरीतून मुदतीआधी बाहेर पडले. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. तीस वर्षं मी आवक-जावक टेबलावर बसले होते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर टाकायचा, जाणाऱ्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची. जगात काहीही बिघडलं तर एक अर्ज करावा, म्हणजे ते सुधारतं, यावर माझी श्रद्धा होती. देवावर त्या मानानं कमी होती.

शेजारचं घर चौदा नंबरचं. त्याच्या गॅरेजमध्ये मोटार नव्हती, ड्रम होते. मालकीण विशीतली मुलगी, आईबरोबर राहायची. आईला संधिवात. मुलगी पहाटेपासून बेकरीत काम करायची, तीनला घरी यायची, आईला जेवायला घालायची आणि चार दहाला गॅरेजमध्ये जाऊन एकटी वाजवत बसायची. सहा वाजता तीन मुलं यायची, गिटारी घेऊन. त्यातला एक हा गायक, कायम अनवाणी. मग मुलीनं त्या दोन तासांत जो ठेका बसवला असेल त्यावर ती मुलं आपल्या गिटारी चढवायची. गायकाचा आवाज नुकत्याच झोपेतून उठवल्यासारखा. गाणी कशावर? बस चुकली, भिंतीला ओल आली, डब्यातलं सूप गार झालं. मला वाटायचं, अरे, हे काय गाण्यात घालायचे विषय आहेत? हे तर मी फोनवर बहिणीला सांगते.

तर मी नगरपालिकेला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "दोन आठवडे आवाजाची डायरी ठेवा. तारीख, वेळ, आवाजाचं वर्णन, तुम्हाला झालेला त्रास."

मला त्या बाईंचा मुका घ्यावासा वाटला. इतक्या लांबच्या देशात मला माझं टेबल परत मिळालं होतं.

मी दोन वह्या केल्या. एक कच्ची, मराठीत. दुसरी पक्की, इंग्रजीत, पट्टीनं रकाने आखून. कचेरीत आमची हीच पद्धत होती. आधी खरं काय ते कच्च्यात लिहायचं, मग साहेबाला चालेल तेवढं पक्क्यात उतरवायचं.

आणि इथंच माझी लबाडी आहे. बाळ त्या आवाजानं झोपत नाही, असं मी पक्क्या वहीत रोज लिहिलं. खरं म्हणजे ही कार्टी दिवसभर माझ्या खांद्यावर रडायची आणि चार दहाला शेजारी ड्रम सुरू झाला की पाचव्या मिनिटाला गाढ झोपायची. ती झोपली की मी कणीक भिजवायचे, पोळ्यांना बसायचे. माझं लाटणं त्या मुलीच्या ठेक्यावर चालायचं. मला ते कळत होतं आणि मी तक्रारही लिहीत होते. का? सुरू केलेलं प्रकरण मध्येच बंद करायचं नसतं म्हणून! अशी मी हुशार.

वर आणखी नाटक बघा. पहिल्याच आठवड्यात त्या मुलीनं कुंपणावरून मला झाडाची लिंबं दिली. मी स्टीलच्या डब्यात लोणचं घालून पाठवलं आणि शिकवलं, "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत." ती शहाणी, ते पाळायला लागली. डब्यातून कधी बेकरीतले पाव आले, कधी आईनं विणलेलं बाळाचं टोपडं. मी परत चिवडा, शंकरपाळे. एका हातानं डबा देत होते आणि दुसऱ्या हातानं तिचा गुन्हा लिहीत होते. माझा मुलगा मला आई म्हणायचा ते ऐकून तीही मला आई म्हणायची. तिला वाटायचं, हे माझं नाव आहे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

दोन आठवड्यांनी मी पक्की वही दिली. नगरपालिकेनं माझ्या अक्षराचं कौतुक केलं असणार, कारण महिन्याभरात चौदा नंबरला पत्र आलं आणि गॅरेजमधलं वाजवणं बंद झालं.

मुलांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गोडाऊन घेतलं. रात्री सरावाला जायचं, पहाटे बेकरीत, मध्ये आई. ती मुलगी थोडे दिवस गेली, मग तिच्या जागी दुसरा ड्रमवाला आला. तोवर पहिला अल्बम गॅरेजमध्येच रेकॉर्ड करून झाला होता. तो एका छोट्या रेडिओवर लागला, तिथून पबमध्ये, तिथून अमेरिकेत. दुसरा अल्बम बरा होता. तिसऱ्यात पैशाचा वास येतो. मध्ये बँड मोडला, पुन्हा जुळला. हे मला सगळं माहीत आहे, कारण मी त्यांचं सगळं ऐकलंय. नातीला हा बँड तिच्या मैत्रिणीनं शोधून दिला असं तिला वाटतं. वाटू दे.

शेवटचा डबा परत आला त्यात अल्बमची सीडी होती. मुलगी म्हणाली, "आई, तक्रार कुणी केली ते तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणाले, "असतात असे लोक."

छप्पन्न वर्षांची बाई. दारात उभं राहून असं म्हणाली. तिला आत्ता धरून हलवावंसं वाटतं.

तर परत आमच्या ओट्यापाशी. मी नातीला म्हटलं, वरच्या कपाटातली निळी फाइल काढ. देश बदलला, घरं बदलली, हे गेले, पण मी एक कागद टाकलेला नाही. फाइलमध्ये पक्क्या वहीची झेरॉक्स होती, सीडी होती आणि कच्ची वही होती. नातीला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी वाचून दाखवलं.

"सोमवार. चार दहा. मुलगी एकटी. तोच ठेका चाळीस वेळा. डोकं उठलं. मंगळवार. एकटी. मध्येच थांबते आणि मग घेते. चुकतेय का? बुधवार. चुकत नाही, मुद्दाम थांबते. बरं वाटतं. बाळ झोपलं. सहा वाजता मुलं आली. तिनं त्यांना ते थांबणं शिकवलं. लांब केसवाल्याला जमत नाही. तीन वेळा चुकला."

नात स्टुलावरून उतरली. "आजी! हे तिसरं गाणं आहे. तू ते बनताना ऐकलंस? दिस इज प्रूफ! सगळं तिनं केलंय!"

"तेच तर मी मघापासून ओरडतेय."

मग तिनं पक्की वही हातात घेतली. इंग्रजी तिला झरझर वाचता येतं. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"वेट. 'इन्फंट ग्रेटली डिस्टर्ब्ड.' हा इन्फंट म्हणजे मी?"

"तू."

"पण कच्च्यात तर बाळ झोपलं असं आहे. रोज झोपलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तू माझ्या नावावर खोटं बोललीस. तिला बँडमधून तू काढलंस, आजी. आणि आता त्या माणसावर ओरडतेयस."

"त्यानं तिचं नाव पुसलं!"

"तू तिचं गॅरेज पुसलंस!"

आमच्या घरात मला असं कुणी बोलत नाही. मुलगा नाही, सून तर नाहीच. मला इतका राग आला की मी उरलेल्या कणकेचा गोळा फ्रिजमध्ये अक्षरशः आपटला. राग नातीवर होता असं मी तासभर समजत होते.

दुसऱ्या दिवशी नातीनंच त्या ड्रमवालीला शोधून काढलं. मेलबर्नमध्येच आता तिची स्वतःची बेकरी आहे. नातीनं इंग्रजीत मेल लिहिली, मी सांगितल्याप्रमाणे, तक्रार माझी होती या वाक्यासकट. ते वाक्य मी तिसऱ्या मसुद्यात घालू दिलं. पहिल्या दोन मसुद्यांत "काही कारणाने गॅरेज बंद झाले" असं होतं. नातीनं दोन्ही वेळा डिलीट केलं.

उत्तर चार दिवसांनी आलं, ओळी मोजक्या. तिनं जुन्या अल्बमवर आपलं नाव लागावं म्हणून वकील गाठला होता. बँडचं म्हणणं, ठेके तिचे असल्याचा काही पुरावा नाही. ते गॅरेजमध्ये बसवले तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं. खाली लिहिलं होतं: "तक्रार तुमची असेल असं मला कधी कधी वाटायचं. कच्ची वही पाठवाल का? फोटो नको, मूळ वही. सगळी पानं."

माफ केलं असं तिनं लिहिलं नाही. तिनं का लिहावं?

आता त्या वहीत शेवटी एक पान आहे. डायरी संपली होती, पक्की वही नगरपालिकेत पोचली होती, त्या पानाची कुणालाच गरज नव्हती. पण हाताला सवय. बाकीच्या पानांवरचं "बाळ झोपलं" मी कसंही सांभाळून घेतलं असतं, पण ते पान वाचलं की मी सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिलं हे कुणालाही कळेल. तिच्या वकिलाला, बँडच्या वकिलाला आणि ज्याला तोंडावर गाढव म्हणायची मला इतकी हौस होती त्या गायकालाही. तो म्हणेल, बाईच खोटारडी आहे, तिच्या वहीचं काय घेऊन बसलात?

मी ब्लेड घेऊन बसले होते. शिवणीजवळून कापलं तर कळत नाही, कचेरीत बघितलंय. नात समोर उभी राहिली. हाताची घडी घालून नुसती उभी. जिला आठ महिन्यांची असताना मी साक्षीदार म्हणून खोटी उभी केली, ती.

मी ब्लेड ठेवलं. वहीवर एक कागद लावला. विषय: मागील तक्रारीतील मजकूर खोटा असल्याबाबत. खाली सही, तारीख. मग वही जुन्या स्टीलच्या डब्यात बसते का बघितलं, बसली. सीडीही बसली. उरलेल्या जागेत शंकरपाळे भरले. पोस्टातल्या माणसानं फॉर्मवर लिहायला विचारलं, आत काय आहे. मी सांगितलं, "कागदपत्रं." पोच घेतली.

शेवटच्या पानावर एवढंच आहे: "चार दहा. आवाज नाही. चार वीस. आवाज नाही. बाळ रडतंय. पाच वाजले, बाळ झोपत नाही. पोळ्या झाल्या नाहीत."