भानूच्या डब्याची खंडेनवमी

भानू गेल्याचा फोन आला तेव्हा साताऱ्यात मी दूध तापत ठेवून उभा होतो. दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी मी ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्याच मारत होतो. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. महिना उलटला, अजून एका जागी बसवत नाही. हा रोग खरा भानूचा…

नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. सांगलीत इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहायचो. जेवताना त्याचा पाय असा हलायचा की माझ्या वाटीतली आमटी हिंदकळायची. डोक्यात एकच खूळ, सौदीतल्या आतेभावाने दिलेल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यावर लिनक्स चालवायचं. लिनक्स म्हणजे कुणीही उघडून हवी तशी बदलावी अशी संगणकप्रणाली. "खेळायच्या डब्यावर कशाला?" मी विचारलं. "मग दुसरं काय हाय गड्या घरात?" तो म्हणाला.

शेवटची परीक्षा झाली आणि त्याच्या वडिलांनी, आबांनी, साखर कारखान्यात शब्द टाकला. भानूला पुण्याला जाऊन संगणकातलंच काम करायचं होतं. आबा फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी अट घातली, "दसऱ्याला टीव्हीवर मला वाचता यील आसं मराठीत काय तरी उमटीव. मग जा पुण्याला. न्हाईतर कारखाना."

कुंडलला, गावच्या घरी, भानूने सीडीवरून लिनक्स चालवलं, मग ठिपक्या-ठिपक्याने मराठी अक्षरं काढायला बसला. पण सीडी नुसती वाचली जायची, डब्यात साठवायची सोय नव्हती. बंद झाला की केलेलं सगळं पुसलं जायचं. वीज जायची म्हणून त्याने ट्रॅक्टरची बॅटरी जोडून डबा दिवसचे दिवस चालू ठेवला. सणाला मी त्याच्याकडे गेलो होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, टीव्हीवर आबांचं नाव उमटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. खुशीत आम्ही विहिरीवर पोहायला गेलो.

परत आलो तर पाटावर विळे, कुऱ्हाड, आबांची तलवार, आणि शेजारी तो डबा. बंद. वर हळदकुंकू आणि झेंडू. भानूची आई हात जोडून उभी. मी त्यांना मावशी म्हणायचो. "वरीसभर राबत्यात, आज हत्यारांना इसावा द्यायचा आस्तुय," मावशी म्हणाल्या. "ह्ये बिचारं तर किती दिस तापलंय."

भानूचा पाय थांबला. "बरं केलंस, आये," एवढंच म्हणाला.

दसऱ्याला आबा इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीपुढे बसले. इंग्रजी ओळी सरकत राहिल्या. "न्हाई जमलं, आबा," भानू म्हणाला. मी तोंड उघडणार तोच त्याने माझा दंड असा आवळला की दोन दिवस वळ होता. मला त्याचा राग आला. आजही येतो. दोन वाक्यं बोलला असता तर पुण्याला गेला असता की नाही? एसटी स्टँडवर मी भांडलोच. तो म्हणाला, "आये जल्मभर त्या पाटाकडं बघत बसली आसती रं."

कारखान्यातच नोकरी केली त्याने. मावशींना त्याने शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. खंडेनवमीला मात्र रजा काढून घरी यायचा, डबा चालू करायचा आणि आईला हाक मारायचा. मी पुन्हा कधी खंडेनवमीला गेलो नाही, त्यामुळे टीव्हीवर काय दिसायचं ते मला ठाऊक नव्हतं.

यंदा गेलो. दुखवट्याचं वर्ष, घरात सण नव्हता, पण हत्यारांचा मान चुकवायचा नाही म्हणून मावशींनी पाट मांडला होता. "डबा चालू करून दे रं," म्हणाल्या. "चालू आसल्याबिगर इसावा कसला द्यायचा?" मी वायरी जोडल्या, आतली सीडी फिरली. इंग्रजी ओळी सरकल्या, मग ठिपक्यांची मोठी मराठी अक्षरं आली. कधीतरी मागाहून पुरी करून सीडीवर घेतली असणार त्याने. 'आये, आता बंद कर.'

"दर साली ह्येच म्हणतंय," मावशींनी बोट लावून वाचलं. मग बोट बटणापाशी नेलं… आणि मागे घेतलं.

"ऱ्हाऊ दे आज चालू."

विळ्या-कुऱ्हाडींना हळदकुंकू लावून त्या टीव्हीपुढे बसल्या. मीही बसलो.