धाकट्याचा हात

आमचं गॅरेज दोघा भावांचं, पण गिऱ्हाईक येतं ते धाकट्याला विचारत. गाडी खड्ड्यावर घ्यायची, मी सीटवर बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं आणि त्याने खाली उतरून एकेक सांधा मुठीत धरत ढिला कुठला ते ओळखायचं, अशी बावीस वर्षांची वाटणी. "याच्या हाताला डोळे आहेत," लोक म्हणतात. माझे हात मग काय शोभेचे? घरी मिक्सर बिघडला तरी बायको म्हणते, "भाऊजींना दाखवू या."

आज एका निवृत्त बाईंची जुनी गाडी आली. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म.

"आज मी उतरतो. तू बस वर," मी म्हटलं. तो निमूटपणे बसला. त्याचाही मला राग आला.

खाली मी एकही सांधा सोडला नाही. सगळे घट्ट. पुन्हा तपासले, तरी घट्ट. वर बाई विचारत होत्या, "सापडलं का हो?" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "खाली काही नाही. इथे पॅडलच्या वर, स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा झिजलाय. हलवलं की हाताला टकटक लागते."

"बसल्या बसल्या कळलं तुला?"

"या सीटवर बसल्यावर कुणालाही कळेल, दादा."

त्या सीटवर मी बावीस वर्षं बसलो होतो.