तळ्यात सोडलेलं जिरं

आमच्या घराण्यात मासा कधी कोणी खाल्लेला नाही, त्यामुळे मासे पाळायचा विषय निघाला तेव्हा घरातल्या प्रत्येकाला त्यातलं सगळं कळत होतं.

विषय काढला माझ्या थोरल्या भावाने, दादाने. जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा अगदी जवळ दिसतो, तिथे आमचं गाव. दादाची तिथे संत्र्याची बाग आहे आणि बागेसाठी खोदलेलं शेततळं. मी नांदुऱ्याला शाळेत मराठी शिकवतो. म्हणजे शेती दादा करतो आणि शेतीवर मत मी देतो. दादाला लहानपणापासून मासे बघायचं वेड. नदीच्या डोहाशी उकिडवा बसून तो तासन्‌तास पाण्यात बघायचा आणि मग शाळेत छड्या खायचा. आता स्वतःचं तळं झालं, आणि पंचावन्नाव्या वर्षी त्या वेडाने पुन्हा उचल खाल्ली.

वहिनींना हे मुळीच पसंत नव्हतं.

"खाचे नाही तं पोसाचे काऊन?" त्यांनी विचारलं.

"पाह्याचे हायेत," दादा म्हणाला.

"काय पाह्याचं त्यात?"

"मासा झोपते का, अन् झोपते तं कसा झोपते, हे मले पाह्याचं हाय."

वहिनींनी कपाळाला हात लावला. पण माणूस इतकी वर्षं एकच गोष्ट मागतोय म्हटल्यावर त्यांनाही नाही म्हणवेना. शेवटी त्यांनी परवानगी दिली, ती अटीवर. "एक डाव करून पाहा. पन तळं माह्या संत्र्याचं हाय. पान्याले वास आला का मासे भाईर. मंग पुन्हा नाव काढाचं नाही." दादाने मान डोलावली. वहिनींचा शब्द म्हणजे आमच्याकडे वरच्या कोर्टाचा निकाल; त्यावर अपील नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात दादा बांधावरून घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मत्स्यशेतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात नाव दादाचं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "तू जाय. तू मास्तर हायेस, तुले लिहून घ्याची सवय हाय. अन् तेवढं झोपीचं इचारजो."

मी दोनशे पानी नवी वही घेतली आणि गेलो.

काय सांगू, मी हरखून गेलो. मला वाटलं होतं, मासे म्हणजे मासे. पण शिकवणारे साहेब फळ्यावर एकेक शब्द लिहू लागले आणि माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. माशांच्या पिल्लांना मत्स्यबीज म्हणतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी गाळ चिवडत असतो. एकाच तळ्यात तिघं राहतात आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. (भाऊबंदकीवर असा धडा आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.) मग साहेब म्हणाले, "अंड्यातून नुकतंच निघालेलं बीज म्हणजे जिरे, कारण ते जिऱ्याएवढं असतं. तेच वाढून बोटाएवढं झालं की त्याला म्हणायचं बोटुकली."

जिरे! बोटुकली! मी हात वर केला. "साहेब, बोटुकली हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मग त्यात नर असेल तर त्याला बोटुकला म्हणावं का?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. "ते तुम्हीच ठरवा, सर. मी पुढचं सांगू?"

त्यांनी पुढचं सांगितलं. मी त्या वेळी समासात 'बोटुकला?' असं लिहून त्याच्याभोवती चौकट काढत होतो. ही सगळी गोष्ट त्या 'पुढचं' मध्येच आहे, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गावी येऊन मी खाटेशेजारी खुर्ची टाकली आणि वही उघडून दादा-वहिनींना वर्गासारखं शिकवलं. (मी घरीसुद्धा प्रमाण भाषेत बोलतो. वहिनी म्हणतात, भाऊजी बोलत नाहीत, वाचतात.)

"आधी तळ्याला चुना लावावा लागेल," मी म्हणालो.

"तो तं तुमी लावालेच लागले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि चुलीवरचं दूध बघायला गेल्या; जिरे-बोटुकलीचं पान ऐकायला दादा एकटाच उरला.

पण दादाचा पाय अडकलेला, मी नांदुऱ्यात, त्यामुळे कामं पडली वहिनींच्याच अंगावर. मी फोनवर सांगायचो आणि त्या तळ्यात टाकायच्या. आधी चुना झाला. मग शेण. मग कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड आणून ठेवली. पाण्याला हिरवट रंग आला तेव्हा त्यांनी काळजीने फोन केला.

"पानी हिरवं झालं न् भाऊजी."

"तेच हवंय. त्याला प्लवंग म्हणतात. माशांचं अन्न आहे ते."

"आमी त्याले शेवाळ म्हनतो," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दादा खाटेवरून रोज एकच विचारायचा, "वास तं नाही ना येऊन राह्यला?" वहिनी रोज ओंजळभर पाणी नाकाशी नेऊन सांगायच्या, "आज तं नाही."

मग बीज मागवायचा दिवस आला. मी बीज केंद्रावर फोन केला. तिकडून विचारलं, "जिरे पाहिजे का बोटुकली?" मी थोडा विचार केला. बोटुकल्या मोजून मिळतात. जिरे मात्र एकाच पिशवीत हजारोंनी. शिवाय शब्द काय सुंदर! "जिरे," मी ठामपणे म्हणालो.

आणि वहिनींच्या मोबाइलवर निरोप पाठवला: 'उद्या जिरे येईल. पिशवी न उघडता अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवा. मग तोंड उघडून हळूहळू पाण्यात सोडा.' पिशवीतलं आणि तळ्यातलं पाणी सारखं कोमट व्हावं म्हणून ही रीत असते. ती मात्र मी नीट लिहून घेतली होती. निरोपात 'मत्स्य' हा शब्द घालायला हवा होता, असं मला आज वाटतं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून वहिनींचा किराणा आला. श्रावणातल्या महाप्रसादासाठी त्यांनी बराच माल सांगितला होता, आणि त्यात वर फुगलेली, तोंड बंद केलेली एक पिशवी होती. किलोभर जिरं.

वहिनींना दोष द्यायची माझी हिंमत नाही आणि कारणही नाही. चुना झाला, शेण झालं, कोंडा आला, पेंड आली. आता फोडणीच तेवढी राहिली होती. आणि पोटात वारा धरला तर माणसालासुद्धा आपण जिऱ्याचं पाणी देतोच. मास्तर सांगतात म्हणजे माशांच्या पोटाचा बंदोबस्त आधीच करून ठेवत असतील, असं त्यांना वाटलं. त्या पिशवी घेऊन तळ्यावर गेल्या.

मी नववीच्या वर्गावर होतो. फोन वाजला.

"भाऊजी, जिरं सोडलं."

मला भरून आलं. "पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली होती ना?"

"हाव. घड्याळ पाहून. मंग मुठीमुठीनं सोडलं."

"मुठीने? वहिनी, हात नका लावू, फार नाजूक असतं ते."

"जिऱ्याले हात नाही लावाचा तं काय चिमट्यानं सोडाचं?"

"बरं, असू द्या. हालचाल कशी आहे?"

"कोनाची?"

"जिऱ्याची."

"वाऱ्यानं हालून राह्यलं जरासं."

"वर आहे की खाली?"

"वरच तरंगून राह्यलं सारं."

मासे वर येऊन तरंगू लागले म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी, हे माझ्या वहीत लाल शाईने होतं. "वहिनी, पाणी ढवळा! काठीने झोडपा! जोरात!"

फोनमधून तुराट्यांनी पाणी झोडपल्याचा आवाज येऊ लागला. नववीचा वर्ग एकदम शांत बसला होता. एवढी शांतता मी शिकवताना कधी नसते.

"आता?" मी विचारलं.

"आता बुडून राह्यलं."

"काऊन बुडून राह्यलं?" माझी प्रमाण भाषा तिथेच संपली.

"भिजलं ना ते. फुगलं अन् चाललं खाली."

मी अर्धी रजा टाकली आणि एसटी पकडली. जळगाव जामोदपर्यंत सारखं एकच डोळ्यापुढे येत होतं: खाटेवरचा दादा. एकदाच मिळालेली परवानगी, आणि ती माझ्या हातून बुडाली.

एसटीतून मी त्याला फोन केला होता, त्यामुळे तळ्यावर पोचलो तर दादा माझ्या आधीच हजर. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर प्लास्टरचा पाय आडवा धरून आला होता आणि काठावर बसला होता. पाण्याच्या कडेला तपकिरी रेघ लागली होती. दादाने त्यातलं चिमूटभर तळहातावर घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"लय लहान होते रे," तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जन्ममृत्यूबद्दल दोन वाक्यं बोललो. माझेही डोळे ओले झाले होते, खोटं कशाला सांगू.

वहिनी तुराटी हातात धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काय झालं काय? दोघं भाऊ जिऱ्यासाठी रडून राह्यले?"

दादाने तळहात नाकाशी नेला. एकदा हुंगला. पुन्हा हुंगला. मग हळूच मला म्हणाला, "मास्तर, याले तं फोडनीचा वास येऊन राह्यला."

"मंग जिऱ्याले कायचा येईन?" वहिनी म्हणाल्या. "महाप्रसादाचं जिरं होतं ते. तुमीच तं म्हनलं, सोडा."

कुणाला काय कळलं, ते कळायला थोडा वेळ गेला. आणि कळल्यावर हसू यायच्या आधी दादाचा चेहरा पडला. कारण पाण्याला वास आला होता. अट अटच होती. तो वहिनींकडे बघत बसला आणि वहिनी पाण्याकडे.

तेवढ्यात बांधावर टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर खोकं घेऊन उतरला. "जिरे कोनं मांगवले?"

आम्ही तिघांनीही हात वर केले.

खोक्यातून त्याने हवेने टम्म फुगवलेली पाण्याची पिशवी काढली. मग तळ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "कुठी सोडता? यात? एवढ्या मोठ्या तळ्यात जिरे कोनी सोडते काय हो? पान्यातले किडे अन् बेंडकं दोन दिवसांत साफ करतीन. तळ्यात बोटुकली सोडाची असते. जिऱ्याले आधी लहान हौद पाह्यजे, तिथं ते बोटाएवढं होते, मंग तळं. प्रशिक्षनात सांगतलं नाही तुमाले?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली. ते पान उघडलं. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'जिरे: आकारावरून. किती समर्पक शब्द!' शेजारी समासात, चौकटीत: 'बोटुकला?' बाकी पान कोरं होतं.

"लौकर सांगा," ड्रायव्हर म्हणाला, "पिशवीतली हवा जास्त वेळ पुरत नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. आत पापणीच्या केसाएवढे हजारो जीव वळवळत होते, आणि नीट पाहिलं तर प्रत्येकाला दोन काळे ठिपके. डोळे. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

"माय वो," त्या म्हणाल्या. "सारे मलेच पाहून राह्यले." मग ड्रायव्हरला विचारलं, "हे खातीन काय?"

"पेंड अन् कोंडा. बारीक दळून, वस्त्रगाळ करून."

"ते तं घरातच हाय. हौद कितीक मोठा लागते?"

"तो बैलाचा हौद हाय ना हिरीपाशी, तेवढा चालते."

"अन् पान्यातले किडे?"

"पानी लुगड्यातून गाळून भरा."

वहिनी पिशवी घेऊन विहिरीकडे निघाल्यासुद्धा. दादाने मागून बारीक आवाजात विचारलं, "पन... वास आला ना पान्याले?"

वहिनी वळल्या. "वास जिऱ्याचा आला. बोली माशाच्या वासाची होती."

दादा एवढा हसला की प्लास्टरमधला पाय दुखला.

पुढचे दिवस वहिनी त्या हौदापासून हलल्या नाहीत. बरेच जिरे गेले, ते जायचेच असतात म्हणे. पण उरले तेही हौदाला पुरून उरण्याएवढे होते. वहिनी रोज हौदात करंगळी धरून माप घ्यायच्या आणि दिवाळीच्या सुमारास त्यांनी जाहीर केलं की बोटुकली झाली. मग ती तळ्यात गेली. (महाप्रसादाच्या वरणात त्या वर्षी जिरं नव्हतं. गावात अजून विचारतात.)

दादाचा पाय बरा झाला आणि तो काठावर उकिडवा बसू लागला. पण मासा झोपतो कसा, ते आधी दिसलं वहिनींनाच, भल्या पहाटे पेंड टाकायला गेल्या तेव्हा. एका कोपऱ्यात सगळे जागच्या जागी थबकून उभे, डोळे उघडे. "पापनीच नाही त्याले," त्यांनी दादाला सांगितलं, "झाकीन काय?" दादाने माझ्याकडे पाहिलं. झोपीचं विचारायचं मी साफ विसरलो होतो.

पुढच्या वर्षी त्याच प्रशिक्षणात साहेबांनी वहिनींना बोलायला बोलावलं. मी त्यांची पिशवी धरून सोबत गेलो. वहिनी अर्धा तास बोलल्या. हौद, गाळणं, पेंड, करंगळीचं माप, सगळं. साहेब थक्क झाले. "ताई, एवढं शिकलात कुठे?"

"आमच्या भाऊजींच्या वहीतून," वहिनी म्हणाल्या.

मी शर्टाची कॉलर नीट केली.

"त्यात जे जे लिहाचं राह्यलं होतं, ते ते करत गेली."

सगळा हॉल हसला, साहेब सगळ्यात जास्त. मी सवयीने वही काढली, वहिनींचं वाक्य लिहून घेतलं, आणि मान वर करून म्हणालो, "वहिनी, पुढचं सांगा."