पीक खाली आणायचं भाषण

हसायचं नाही, एवढं कबूल करत असाल तर सांगतो. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला आणि त्याचा ठपका माझ्यावर बसला. तेव्हा कप आधी खाली ठेवा. ठेवले? ऐका आता.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. मी सांगलीहून विजेचा डिप्लोमा करून नुकताच बाहेर पडलेलो. अंगात टेरिकॉटचा शर्ट आणि खिशाला टेस्टर. लोक पेन लावायचे तिथं मी टेस्टर लावायचो, म्हणजे बघणाऱ्याला लांबूनच कळावं की हा साधा माणूस नाही. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी एक सहकारी पाणीपुरवठा संस्था होती. नदीवर तीन दांडग्या मोटारी. त्या पाणी उचलून वर माळापर्यंत न्यायच्या आणि त्या पाण्यावर अख्ख्या गावाचा ऊस उभा. त्या संस्थेत मी वीज सुपरवायझर म्हणून चिकटलो.

आणि त्याच गावात माझं लग्न जमत आलं. जमलं नव्हतं हं, जमत आलं होतं.

मुलगी शालन. मॅट्रिक झालेली, दिसायला छान, आणि पोहे देताना माझ्या खिशातल्या टेस्टरकडं बघून गालात हसलेली. मी तिथंच गार झालो होतो. तिचे वडील तात्या, संस्थेचे जुने सभासद, मिलिटरीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. आमच्या वडिलांनी बैठकीत तीन वस्तू बोलून दाखवल्या होत्या: मनगटी घड्याळ, सूट आणि मोटरसायकल. तात्या घड्याळाला तयार होते, सुटालाही तयार होते. घोडं अडलं मोटरसायकलवर. वडील म्हणायचे, पोरगा रोज नदीवर जाणार कसा? तात्या म्हणायचे, मोटार कशाला? आत्ता जातो तसाच. झालं, बोलणी तिथं थांबली ती थांबलीच.

मला विचाराल तर मला दोन्ही हवं होतं. शालनही हवी होती आणि मोटरसायकलही. पण एकच घे म्हणाले असते तर शालन. ती आत बसून ऐकतेय म्हणून म्हणत नाही, खरंच.

तर अशात संस्थेच्या विजेच्या बिलानं डोकं वर काढलं. तेलाचे भाव भडकलेले, जिकडं तिकडं वीज वाचवा, वीज वाचवा चाललेलं. आमचे चेअरमन आबा भला माणूस, पण बिल आलं की त्यांना जेवण जायचं नाही. त्यांनी मला पुण्याला एका शिबिराला धाडलं. म्हणाले, वीज कशी वाचवायची ते शिकून ये आणि इथं येऊन सभासदांना सांग.

तिथं मला साक्षात्कार झाला. आमच्या पंपहाऊसच्या मीटरला दोन काटे होते. काळा काटा वर-खाली व्हायचा. त्याच्यापुढं एक तांबडा काटा. काळ्यानं ढकलला की तो वर जाऊन बसायचा, आणि महिनाभर खाली यायचं नाव नाही. तिन्ही मोटारी एकदम चालवल्या की तांबडा काटा गेलाच टोकाला. आता मेख अशी की बिल नुसतं किती वीज जाळली त्यावर नसतं, तांबडा काटा कुठं बसलाय त्यावरही असतं. आमचा मोटारवाला रोज सकाळी नारळ फोडल्यागत तिन्ही बटणं एका दमात दाबायचा! मोटारी पाळीपाळीनं चालवल्या असत्या तर पाणी तेवढंच आणि बिल कितीतरी कमी.

त्या टोकाला शिबिरातले साहेब 'पीक' म्हणायचे. पीक लोड, पीक अवर, पीक कट करा. दिवसभर पीक, पीक. माझ्याही तोंडात तेच बसलं.

परत आल्यावर आबांनी सगळ्या सभासदांची सभा लावली, खताच्या गोदामापुढं. मला आधीच बजावलं, 'सोपं बोल. इंग्रजी फाडू नगंस, लोकास्नी कळलं पायजे.' मी रात्र जागून भाषणातले सगळे इंग्रजी शब्द वेचून काढले. लोड काढला, डिमांड काढला. एक पीक तेवढा राहिला. इतका लहान शब्द, तो कुणाला कळणार नाही?

सगळ्यांना कळला. तोच तर घोटाळा झाला.

पुढच्या रांगेत तात्या. होणारा जावई बोलणार म्हणून पटका बांधून आलेले. बायकांच्या बाजूला शालनही होती. मी टेस्टर सरळ केला आणि सुरू झालो.

म्हणालो, मंडळी, आपलं बिल पिकावर ठरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणीपट्टी पिकावरच ठरते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला वाटलं, काय हुशार लोक आहेत. म्हणालो, पीक जेवढं वर जाईल तेवढं बिल वर जातं. माना डोलल्या, पण जरा बेतानं. मग मी आवाज चढवला आणि म्हणालो, म्हणून यापुढं आपल्याला पीक खाली आणायचंय. कापायचंय. टेबलासारखं सपाट करायचंय.

गोदामापुढं असली शांतता पसरली की नदीवरच्या मोटारी ऐकू यायला लागल्या. मला वाटलं, भाषण रंगलं. रंगलं नव्हतं हो, लोकांची बोबडी वळली होती.

मागून एक म्हातारा उठला. 'कवा कापायचं?'

'उद्या सकाळपासून. मोटारी सुरू व्हायच्या आत.'

'समद्यांनी?'

'सगळ्यांनी. एकाचं जरी पीक वर गेलं तरी भुर्दंड सगळ्यांना.'

'आन न्हाई कापलं तर?'

'तर मोटार बंद,' मी म्हणालो, आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो.

टाळ्या आल्या नाहीत. लोक गुपचूप उठून गेले. मला वाटलं, विचारात पडलेत. खोलीवर जाऊन मी आरशासमोर ते भाषण पुन्हा एकदा केलं.

तिकडं गावात काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. कुणी म्हणालं, सरकारकडं साखर फार झालीय, म्हणून हे फर्मान. कुणी म्हणालं, सुपरवायझर टेप घेऊन शेताशेतातनं उसाची उंची मोजत फिरणार. एका बहाद्दरानं उसाचे शेंडे वाकवून एकमेकांना बांधले, म्हणजे रस्त्यावरनं बघणाऱ्याला पीक खाली दिसावं. आणि ज्याचा ऊस गावात सगळ्यात ठेंगणा, ज्याला आजवर कुणी विचारत नव्हतं, तो मिशीला पीळ देत हिंडत होता!

आणि तात्या? तात्या पडले मिलिटरीवाले. ऑर्डर आली की आधी पाळायची. त्यातून ऑर्डर देणारा होणारा जावई. आपणच मागं राहिलो तर लोक काय म्हणतील? सकाळी उजाडता उजाडता त्यांनी कोयता घेतला आणि रस्त्याकडेचा, जीव लावून वाढवलेला, अजून तोडीला न आलेला ऊस तोडायला घेतला. शालनची आई बोंबलत शेतात पोचेपर्यंत दोन सऱ्या आडव्या झाल्या होत्या.

मी ऑफिसात बसून मोटारींच्या पाळ्या ठरवत होतो. दारात गलका झाला म्हणून बघतो तर पंचवीस-तीस माणसं, निम्म्यांच्या हातात कोयते. पुढं तात्या. त्यांनी खांद्यावरची हिरवी मोळी माझ्या टेबलावर धाडकन टाकली. आबाही मागनं धापा टाकत आले.

'आणलं खाली,' तात्या म्हणाले. 'आता मोटार चालू करा.'

मी मोळीकडं बघितलं, कोयत्यांकडं बघितलं, पुन्हा मोळीकडं बघितलं. हळूहळू डोक्यात उजेड पडला. मग मी सगळ्यांना पंपहाऊसवर नेलं, तांबडा काटा दाखवला, बटणं दाखवली, हातवारे करकरून सांगितलं की पीक म्हणजे हे टोक, तुमचा ऊस नव्हे. मग मागचा तो म्हातारा ख्यॅ करून हसला आणि पाठोपाठ सगळं पंपहाऊस हसायला लागलं. आबांनी तर भिंत धरली.

तात्या तेवढे हसले नाहीत. त्यांच्या दोन सऱ्या गेल्या होत्या आणि वर गावात हसं झालं होतं.

'उभं पीक काप म्हणणाऱ्याच्या घरात मी पोरगी देत न्हाई,' एवढंच बोलले आणि चालायला लागले.

घड्याळ, सूट, मोटरसायकल सगळं गेलं चुलीत, शालन चालली होती हातची! आबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आजच्या आज जाऊन पाय धर, आणि नीट मराठीत समजावून सांग. ते पीकबीक तोंडातनं काढू नको. त्याला मराठीत काय म्हणतात? मी आठवलं. वीज मंडळाच्या मराठी परिपत्रकात होता की शब्द. मागणी. कमाल मागणी. किती सोपा, घरगुती शब्द! हा आधी सुचला असता तर एवढं रामायण घडलंच नसतं, असं मला वाटलं.

दुपारी गेलो. सोप्यावर तात्या सुपारी कातरत बसलेले, शेजारी भावकीतले दोन म्हातारे. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या, म्हणजे शालन तिथं होती. मी वाकून नमस्कार केला आणि एका दमात बोलून टाकलं.

'तात्या, माझा शब्द चुकला. मला पीक म्हणायचंच नव्हतं. मला मागणी म्हणायचं होतं. सगळा घोळ मागणीचा आहे.'

तात्यांचा अडकित्ता थांबला. 'मागणीचा?'

'हो. मागणी फार वर गेलीय. ती खाली आणायची, असं मी ठरवलंय.'

तात्यांनी भावकीकडं बघितलं. भावकी सरसावून बसली. 'वडीलधाऱ्यांस्नी इचारलंय का?'

मला वाटलं, आबांबद्दल विचारतायत. 'त्यांनीच तर पाठवलंय. मागणी कमी झालीच पाहिजे म्हणतात.'

'बरं. किती कमी?'

'हे बघा, आत्ता आपण एका दमात तीन-तीन ओढतो. काही गरज आहे का? अजिबात नाही. आधी ती मोठी मोटार बंद.'

'मोटार नगं?' तात्यांचा आवाज चिरकला.

'नको. एवढी मागणी त्या मोटारीमुळंच वाढलीय. राहिलेल्या दोन्हींचंही सवडीनं बघू, एकदम नकोत.'

एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, 'ऐकलंस न्हवं? मोटार सोडली गड्यानं.' तात्या उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो, खरंच पाणी. त्यांनी मला असं कवटाळलं की खिशातला टेस्टर माझ्याच बरगडीत घुसला. विजेच्या बिलाचा एवढा आनंद झालेला माणूस मी जन्मात बघितला नव्हता.

'जावईबापू,' ते म्हणाले, 'तुमास्नी मी वळखलंच न्हवतं.' आणि आत बघून ओरडले, 'आगं, साखर आण.'

साखर आली. ती हातावर ठेवता ठेवता मुहूर्ताची गोष्ट निघाली, आणि मी वेड्यासारखा खूश. मनात म्हटलं, बघा, मातृभाषेत बोललं की कशी कामं होतात!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो तर आबा हार घेऊन उभे. सबंध गावात झालं होतं, सुपरवायझरनं मोटरसायकल सोडली, असा पोरगा दिवा लावून सापडायचा नाही. मी हार घालून तसाच खुर्चीत बसलो. आता काय सांगणार? नाही हो, मी विजेबद्दल बोलत होतो, मोटरसायकल द्या? शालन गेली असती, नोकरी गेली असती, आणि कोयते गावात तसेच होते.

तात्या तर त्याच दिवशी एसटी धरून भावकीसकट सांगलीला आमच्या घरी धडकले. वडिलांना शाल, नारळ, पेढे. वडिलांना काडीची कल्पना नाही. गल्लीतले लोक जमलेले, सगळे 'वा वा, याला म्हणतात थोर मन' करतायत. वडील करतात काय? पेढा गिळला आणि म्हणाले, होय, आमचा विचार पहिल्यापासून तोच होता. मी घरी गेल्यावर मात्र काय काय म्हणाले ते इथं सांगण्यासारखं नाही.

लग्न झालं. मोटारी पाळीनं चालायला लागल्या, तांबडा काटा खाली बसला, बिल उतरलं, आबांना जेवण जायला लागलं. मी मात्र रोज नदीपर्यंत पायी.

लग्नानंतर एकदा असाच उन्हातनं तंगडतोड करून आलो, पाय चेपत बसलो आणि शालनला म्हणालो, तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नको. त्या दिवशी तुझ्या वडिलांपुढं मी विजेच्या मागणीबद्दल बोलत होतो.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'मला ठावं हाय की.'

मी ताडकन उठून बसलो. 'कधीपासून?'

'तवाच कळलं. मी दाराआडच हुते न्हवं. मंडळाचं ते मराठी कागूद आमच्या सोसायटीच्या फळ्यावर बी लागायचं. कमाल मागणी.'

'अगं मग तिथंच बोलायचंस ना!'

'आवं, मागणी आपसूक खाली येत हुती,' शालन खडा फेकत म्हणाली, 'मी कशाला बटण दाबू?'