नोराआजींचा फोटो राहूनच गेला

मंडळी, सकाळपासून लिहायचं टाळतोय.

इथे परदेशात, टॅला या उपनगरात मी राहतो, तिथल्या माझ्या घरमालकीण नोराआजी गेल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात हॉलिवूडची एक मोठी नटी शूटिंगला आली होती. तिच्यासोबतचा आपला फोटो शवपेटीत ठेवायचं काम आजींनी माझ्यावर सोपवलेलं. मी नेहमीसारखं उद्यावर ढकललं.

आज शववाहिका इथल्या रीतीप्रमाणे घरासमोर मिनिटभर थांबली. कोविडमुळे आम्ही सगळे शेजारी फुटपाथवरच. मी फोटो घेऊन धावलो. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "सॉरी रे पोरा, पेटी आता उघडता येत नाही."

नटीला अजून जग ओळखतं. तिच्या शेजारची फ्रॉकातली पोर आता फक्त मलाच ओळखू येते. हा फोटो कुठे ठेवू, सांगा ना?

थांबा, बेल वाजली. दारात मास्क लावलेल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. म्हणतायत, "मी नोराची बहीण." आजींनी बहिणीचं कधी नावही काढलं नव्हतं.